अडीच एकर द्राक्षबागेसाठी मिनी ट्रॅक्टर: नेमका कोणता घ्यावा?

काळीमाती (निफाड)

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात माझी अडीच एकर द्राक्षबाग आहे. बाग वाय पद्धतीची (वेली इंग्रजी Y आकाराच्या आधारावर चढवलेली) असून लागवड नऊ बाय पाच फुटांवर आहे. बागेला लागून एक एकर मोकळे रान आहे, त्यात पावसाळ्यात टोमॅटो आणि रब्बीत कांदा घेतो. आजवर नांगरट, रोटर (रोटाव्हेटर) आणि फवारणी ही सगळी कामे भाड्याने करून घेतली. यंदा मात्र स्वतःचा छोटा ट्रॅक्टर आणि ब्लोअर (पंख्याच्या जोराने औषध उडवणारे फवारणी यंत्र) घ्यायचे ठरवले आहे, आणि त्याचे कारण सविस्तर सांगतो, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल.

गेल्या वर्षी फळछाटणीनंतर बाग नेमकी फुलोऱ्याच्या तोंडावर असताना सलग दोन रात्री पाऊस झाला. पहाटे पाऊस थांबला, तेव्हा त्याच दिवशी दुपारपर्यंत डाऊनीची (बुरशीमुळे येणाऱ्या केवडा रोगाची) फवारणी होणे गरजेचे होते. आमच्याकडे येणाऱ्या ब्लोअरवाल्याच्या यादीत माझ्या आधी अकरा बागा होत्या. तो तिसऱ्या दिवशी आला आणि त्याचा ट्रॅक्टर तिसऱ्याच ओळीत मागच्या चाकांच्या निम्म्यापर्यंत रुतला. दुसरा ट्रॅक्टर आणून तो ओढून काढला, त्यात एका बोदाची (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंच वरंब्याची) कड मोडली आणि ठिबकची लॅटरल (ओळीतली नळी) तुटली. उरलेली बाग आम्ही एचटीपीच्या (उच्च दाबाच्या पंपाच्या) गनने रात्री दहापर्यंत मारली. ओढ्याच्या कडेच्या चार ओळींतले घड तोवर हातचे गेले होते. घड हातात धरला की देठापासून तपकिरी पडलेले मणी नुसत्या बोटाच्या धक्क्याने गळत होते.

माझ्या वहीत गेल्या हंगामाच्या 58 फवारण्या आहेत. एका फवारणीचे भाडे 1,200 रुपये धरले तर 69,600 रुपये होतात. ट्रॅक्टर, ब्लोअर आणि छोटा रोटाव्हेटर मिळून साडेआठ लाखांच्या आत बसवायचे आहे. महिंद्रा जिवो 245, कुबोटा निओस्टार बी 2441, व्हीएसटीचा एमटी 270 आणि महिंद्राचा ओजा 2127 ही चार नावे डोक्यात आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे असे की स्वराज 717 किंवा युवराज 215 यांसारखा 15 एचपीचा टू व्हील (इंजिनाची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळणारा) घ्यावा आणि वाचलेल्या पैशांत चांगला ब्लोअर घ्यावा. प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे.

माणदेशी (सांगोला)

दादा, माझ्याकडे 15 एचपीचा, एका सिलिंडरचा, टू व्हील ट्रॅक्टर सहा वर्षे आहे आणि त्याच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. चार एकर डाळिंब आहे, अंतर चौदा बाय दहा. तीन फुटी रोटर तो आरामात ओढतो, शेणखताची छोटी ट्रॉली ओढतो, आणि फवारणी आम्ही एचटीपी पंप मागे बसवून दोन गनने करतो. तरीही तुम्ही माझे अनुकरण करू नये असेच मी सांगेन. आमची जमीन मुरमाड आहे, पाऊस पडून गेला की चार तासांत गाडी आत जाते. तुमच्या काळ्या रानात ऑक्टोबरमध्ये टू व्हीलचे काय होते ते तुम्ही स्वतःच पाहिले आहे. शिवाय 15 एचपीच्या गाडीला शाफ्टवर (मागचे यंत्र फिरवणाऱ्या दांड्यावर) जी ताकद उरते, तिच्यावर मोठ्या पंख्याचा ब्लोअर फिरवला तर इंजिन दबते, पंख्याचा वेग पडतो आणि पानांच्या आतल्या बाजूला औषध पोहोचत नाही. भावाचा हिशेब पैशांपुरता बरोबर आहे, पण तो आमच्या माळरानाचा हिशेब आहे.

मांडवाखाली (तासगाव)

मी सात वर्षे कुबोटा बी 2441 वापरतो आहे. बाग मांडवाची आहे, म्हणून मला उंचीचीही अडचण होती आणि तुम्हाला ती कमी असेल, पण रुंदीचा प्रश्न दोघांचा सारखाच आहे. गाडी तीन सिलिंडरची आहे आणि वजनाला हलकी आहे. माझ्या मते ओल्या रानात हलकेपणाच कामाला येतो, कारण गाडी जितकी जड तितकी ती माती दाबते, आणि वर्षातून पन्नास-साठ वेळा त्याच दोन चाकोऱ्यांतून गेल्यावर त्या पट्ट्यातल्या पांढऱ्या मुळ्या संपतात. पुढच्या आसाला बेव्हल गिअर असल्यामुळे वळताना चाके जास्त वळतात आणि उघडे सांधे नसल्याने चिखल आत जात नाही. मांडवाखालून जाताना सायलेन्सर खालच्या बाजूने वळवलेला असणे आणि मागची सुरक्षा कमान दुमडता येणे या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय कोणतीही गाडी घेऊ नका. वायमध्येसुद्धा वाढलेल्या काड्या आत झुकतात, तेव्हा त्याचा उपयोग होतो.

आता तुम्हाला एक विचारतो. नऊ फूट हे खोडापासून खोडापर्यंतचे अंतर झाले. बोद सोडून सपाट जागा किती उरते, आणि छातीच्या उंचीला दोन्ही बाजूंच्या पानोऱ्यात मोकळे अंतर किती उरते? माहितीपत्रकातली रुंदी आणि बागेतली रुंदी यांत बरेच अंतर असते.

काळीमाती (निफाड)

मांडवाखाली दादा, आज सकाळी टेप घेऊन मोजले. बोद साधारण तीन फुटी आहेत, पण पावसाने पसरल्यामुळे दोन बोदांच्या मधली सपाट जागा कुठे साडेपाच फूट तर कुठे पावणेपाच फूट आहे. छातीच्या उंचीला पूर्ण पानोरा असताना मोकळे अंतर सर्वात कमी भरते ते चार फूट तीन इंच. ओळीच्या टोकाला बांधापर्यंत तेरा फूट जागा आहे, पण त्यातले साडेतीन फूट ताणाच्या (टोकाचे खांब ओढून धरणाऱ्या) तारांनी खाल्ले आहेत. ही गोष्ट आजवर कधी माझ्या लक्षात आली नव्हती, कारण भाड्याचा ट्रॅक्टरवाला कसाबसा मागेपुढे करून वळवून न्यायचा आणि आम्ही ओरडत बाजूला उभे राहायचो.

गॅरेजवाला (पिंपळगाव बसवंत)

भाऊ, माझे गॅरेज आहे आणि हंगामात माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त मिनी ट्रॅक्टर असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एचपीच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो, ब्लोअर फिरतो तो पीटीओवर, म्हणजे मागच्या शाफ्टवर. जिवो 245 इंजिनाला 24 एचपी आहे आणि कंपनी शाफ्टला 22 एचपी सांगते. दुसऱ्या एखाद्या 24 एचपीच्या गाडीला हाच शाफ्टचा आकडा चांगलाच खाली असू शकतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथे केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तिच्या अहवालात शाफ्टवर मोजलेली ताकद, डिझेलचा खप आणि लिफ्टची उचल हे सगळे असते. विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा अहवाल मागा.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे शाफ्टचा वेग. आपल्याकडचे बहुतेक ब्लोअर मिनिटाला 540 फेऱ्यांसाठी बांधलेले असतात. ते 540 इंजिनाच्या किती आरपीएमला मिळतात हे विचारा. इंजिन पूर्ण ताणून 540 मिळत असतील तर डिझेल जास्त जाते आणि आवाजाने चालवणारा थकतो, आणि तेच कमी आरपीएमला मिळत असतील तर हलक्या कामात मोठी बचत होते. काही मिनी ट्रॅक्टरना दोन वेग असतात आणि ते 540 पेक्षा वेगळेही असतात. जिवोला 605 आणि 750 आहेत, निओस्टारला 540 आणि 980. चुकून वरच्या वेगावर जुना ब्लोअर चालवला तर पंखा, त्याचे बेअरिंग आणि पंप या तिघांवर संकट येते. ज्या ब्लोअरसोबत गाडी चालणार आहे त्याच ब्लोअरसोबत, फेऱ्या मोजणाऱ्या मीटरने (टॅकोमीटरने) शाफ्टचा वेग मोजून, प्रात्यक्षिक घ्या.

म्हणूनच मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो की ब्लोअर आधी ठरवा आणि ट्रॅक्टर नंतर. 600 लिटरची टाकी भरली म्हणजे नुसते पाणीच 600 किलो झाले, वर सांगाडा, पंखा आणि चाके. म्हणजे हलक्या गाडीच्या मागे तिच्याहून जड वस्तू ओल्या रानात ओढायची. चारही चाकांना ताकद मिळणारी (फोर व्हील) गाडी सहसा स्वतः रुतत नाही, पण मागचा ब्लोअर रुतून बसतो, आणि असे प्रसंग मी दर ऑक्टोबरला पाहतो.

फोर व्हीलबद्दल एक सूचना. पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा किंचित जास्त वेगाने ओढतील असे गणित कारखान्यात बसवलेले असते. दोन वर्षांनी मागचे टायर झिजले म्हणून कोणी वेगळ्या मापाचे टायर चढवले की ते गणित बिघडते आणि पुढच्या आसाचे गिअर आवाज करू लागतात. टायर बदलायचे तर माप तेच ठेवा, आणि कडक रस्त्यावर फोर व्हीलचा लिव्हर काढून ठेवा.

दिंडोरीची लेक

आमची तीन एकर बाग आहे आणि ट्रॅक्टर मीच चालवते, कारण यजमान नोकरीला आहेत. पुरुष मंडळी गाडी पाहायला जातात तेव्हा एक गोष्ट कोणी पाहत नाही, ती म्हणजे क्लच किती वेळा दाबावा लागतो. अडीच एकरात माझ्या अंदाजाने तुमच्या साठ ओळी तरी असतील, म्हणजे एका फवारणीत साठ वेळा टोकाला वळण आणि बऱ्याच ठिकाणी मागेपुढे. मी बहिणीच्या शेतावर ओजा चालवून पाहिला. त्याला पुढे आणि मागे जाण्यासाठी स्टीअरिंगजवळच वेगळा लिव्हर आहे आणि पुढे बारा, मागे बारा गिअर आहेत. ज्यांच्या बागेत ओळीच्या टोकाला जागा कमी आहे त्यांना तो फरक पहिल्याच तासात जाणवेल. पण तुमच्या बजेटमध्ये तो आणि ब्लोअर दोन्ही बसतात का, हे तुम्हीच पाहा.

आणि कृपया, जी कोणती गाडी घ्याल तिच्या शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर पहिल्या दिवसापासून लावलेले ठेवा. 540 फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. गेल्या वर्षी औषध ढवळताना माझ्या ओढणीचे टोक फिरत्या शाफ्टजवळ उडाले आणि कव्हरवरून घसरले. कव्हर नसते तर हे लिहायला मी राहिले नसते. तेव्हापासून शाफ्ट बंद केल्याशिवाय मी सीटवरून खाली उतरत नाही आणि बागेत ओढणी घेत नाही.

मांडवाखाली (तासगाव)

गॅरेजवाले साहेबांचे टाकीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा ब्लोअर पहिल्या वर्षी 600 लिटरचा होता, तो विकून मी 400 लिटरचा घेतला. वाटले होते की भरण्यातच दिवस जाईल, पण प्रत्यक्षात तसे झाले नाही. हिशेब सांगतो. एकरी 400 लिटर पाणी धरले तर अडीच एकराला 1,000 लिटर लागते. 600 च्या टाकीला दोन खेपा, 400 च्या टाकीला तीन, म्हणजे फरक फक्त एका खेपेचा. नऊ फुटी ओळीत ताशी चार किलोमीटरने गाडी चालली तर नुसते चालणे तासाभराच्या आत संपते. वळणे आणि भरणे धरून दोन तास. विहिरीजवळ उंचावर हजार लिटरची टाकी ठेवून त्यात औषध आधीच कालवून ठेवले की एक खेप भरायला सहा-सात मिनिटे लागतात.

एमटी 270 बद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. चार सिलिंडर, 27 एचपी, इंजिन अतिशय शांत चालते, आणि आमच्या भागात त्या कंपनीच्या जुन्या गाड्या आजही कामावर आहेत. मोकळ्या रानात रोटर जास्त चालवायचा असेल तर ती ताकद उपयोगी पडेल. तुमचे मोकळे रान एकच एकर आहे. त्या एका एकरासाठी अडीच एकराची गाडी ठरवू नका.

गॅरेजवाला (पिंपळगाव बसवंत)

दादा, हलकेपणाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. फारच हलकी गाडी असेल तर बोदाच्या कडेवर एका बाजूचे चाक चढले की ती झुकते, आणि मागून भरलेली टाकी ढकलते. उतारावर तर हे धोक्याचे आहे. काळीमाती भाऊंच्या काही ओळींत सपाट जागा पावणेपाच फूटच आहे, म्हणजे चाक कडेवर चढणारच. गाडी घेण्याआधी बोद परत ओढून घ्यावेत, हे काम कोणत्याही मॉडेलपेक्षा जास्त उपयोगाचे ठरेल.

दुसरे, रेडिएटर. फवारणीचा ओला तुषार आणि पानांचा चुरा जाळीवर बसतो, त्यावर गंधक आणि मोरचुदाचा थर चढतो, आणि मग गाडी गरम होते. जाळी हाताने, पाना न लावता काढता येते का ते पाहा. तसे असेल तर तुम्ही ती रोज धुवाल. चार बोल्ट खोलावे लागत असतील तर कोणीच धूत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे. जुनी गाडी घेण्याचा विचार असेल तर त्याच कारणासाठी तासांच्या मीटरवर विश्वास ठेवू नका. सीटखालचा पत्रा, वायरिंगचे जोड आणि बॅटरीचा खण पाहा. बागेतली गाडी आतून आधी गंजते.

सातबारा

कृषी खात्यातून निवृत्त झालो आहे, म्हणून अनुदानाबद्दल थोडक्यात. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणाखाली करावा. पूर्वसंमती हातात येण्याआधी गाडी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. विक्रेते घाई करतात आणि शेतकरी फसतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. ब्लोअरसाठी आणि रोटाव्हेटरसाठी स्वतंत्र घटक आहेत, त्यांचाही अर्ज करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे. तिच्यात साडेतीन लाखांच्या मर्यादेत 90 टक्के अनुदान मिळते, पण गाडी 9 ते 18 एचपीची असावी लागते. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गावात असा गट असेल तर त्यांना जरूर सांगा. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्या कोटेशनवर व्यवहार करू नका.

काळीमाती (निफाड)

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात बरेच काही झाले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी ब्लोअर ठरवला: 400 लिटरचा, मागे ओढायचा. मग दोन विक्रेत्यांना प्रात्यक्षिकासाठी बोलावले. प्रात्यक्षिक कोरड्या रस्त्यावर नव्हे तर ओढ्याच्या कडेच्या त्याच चार ओळींत होईल, आदल्या रात्री पाट सोडून त्या ओळी भिजवून ठेवलेल्या असतील आणि टाकी पूर्ण भरलेली असेल, असे मी आधीच सांगितले होते. एका विक्रेत्याने या अटीवर गाडी आणायला नकार दिला, म्हणून तिसऱ्याला बोलावले. अखेर 24 एचपीच्या दोन फोर व्हील गाड्या आल्या. दोन्ही न रुतता चारही ओळी पार करून गेल्या. त्या क्षणी भावाने 15 एचपीचा विषय स्वतःहून सोडून दिला. गाड्या गेल्यावर चाकोरीत वीत घालून पाहिली, तर दोन्हींच्या खोलीत बोटभर फरक होता, त्यावरून काही ठरवता येईना.

फरक दिसला तो टोकाला. नऊ फुटांतून निघून शेजारच्या ओळीत शिरताना दोन्ही गाड्या एका दमात वळत नव्हत्या, कारण ट्रॅक्टर वळला तरी मागच्या ब्लोअरचे चाक ताणाच्या तारेला घासत होते. शेवटी मुलाने सुचवले की एक ओळ सोडून तिसऱ्या ओळीत शिरावे आणि राहिलेल्या ओळी परत येताना घ्याव्यात. तसे केल्यावर दोन्ही गाड्या मागे न घेता वळल्या. दिंडोरीच्या ताईंचा क्लचचा मुद्दा अशा रीतीने निम्मा तरी सुटला. ओजा आवडला होता, पण बजेटच्या बाहेर जात होता.

गॅरेजवाले भाऊ, शाफ्टचा वेग मोजण्यासाठी तुमच्या ओळखीच्या माणसाने मीटर घेऊन यावे ही विनंती तुम्ही लगेच मान्य केलीत, त्याबद्दल विशेष आभार. मीटर लावला तेव्हा कळले की जिवोवर खालच्या वेगाला, इंजिन थोडे कमी ठेवून, पंखा 540 वर नीट स्थिर राहतो आणि नऊ-दहा फुटांवर टांगलेला कागदही दोन्ही बाजूंनी ओला होतो. निर्णय जिवो 245 चा झाला आहे. खरे सांगायचे तर दुसरी गाडीही माझ्या बागेत तितकीच बसली असती. जिवोच्या बाजूने पारडे झुकले, कारण त्याचा अधिकृत मेकॅनिक माझ्या बागेपासून अकरा किलोमीटरवर राहतो आणि फिल्टर, क्लच प्लेट व पुढच्या आसाचे सील त्याच्या दुकानात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले.

महाडीबीटीवर तिन्ही घटकांचे अर्ज केले आहेत आणि पूर्वसंमतीची वाट पाहतो आहे. बोद पुढच्या आठवड्यात ओढून घेणार आहे.

मांडवाखाली (तासगाव)

अभिनंदन, निर्णय योग्य झाला. ताणाच्या तारांचे काय करणार? एक ओळ सोडून वळणे ठीक आहे, पण बांधाकडच्या शेवटच्या दोन ओळींना सोडायला ओळच उरत नाही.

काळीमाती (निफाड)

दादा, तेच काम कालपासून चालू आहे. त्या दोन ओळींचे ताण बांधाकडून तीन फूट आत घेतो आहोत. ताणाची तार बांधलेले जुने दगड काढायला खड्डा घेतला तर तो चार फूट खोल निघाला, वडिलांनी 2004 साली स्वतः पुरलेला दगड होता. तो तसाच उचलून नव्या जागी घातला आहे, आणि तार आज संध्याकाळी ओढतो.